आईच्या छातीत कटकन वाजतं तेव्हा

आईपुढे मी हात टेकले, बाबा! धानाच्या रोवणीत रोपं लावताना वाकून उठली की तिच्या छातीत कटकन वाजायचं. मी घाबरून तिला आमगावहून गोंदियाला नेलं.

डॉक्टर तपासून म्हणाले, "हृदय ठीक आहे. बरगडीचा सांधा वाजतो. काही दिवस वाकू नका. दुखलं, दम लागला, तर लगेच या."

दुसऱ्या दिवशी आई धानाच्या बांधीत, चिखलात हजर! मी ओरडलो, तर तिच्या शेजारी रोवणारी काकू म्हणाली, "काऊन बोंबलून राहिला रे? माह्याही छातीत वाजते."

"माह्याही," तिच्या बाजूची बाई म्हणाली.

"मग सगळ्याच चला दवाखान्यात!" मी म्हणालो.

आई वाकूनच म्हणाली, "रोवणी होऊ दे."

मागच्या वर्षी गुडघ्यांसाठीही हेच म्हणाली होती. रोवणी झाली, तर निंदण आलं. मग कापणी.