हात लावला की चाल

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, चेन्नईच्या लोकलमध्ये तुम्ही सरोजाबाई नावाच्या एका प्रवासी बाईंशेजारी बसला आहात. समोर गुंडोआजोबा आणि त्यांना ‘ताता’ म्हणणारी त्यांची नात लावण्या चुंबकी पटावर बुद्धिबळ खेळताहेत. सरोजाबाईंचे कान तिकडेच आहेत.

“ताता, घोड्याला हात लावलात. आता तोच हलवा.”

“अय्यो! रोज चाल मागे घेऊ देतेस की!”

“राष्ट्रीय शिबिरात चालत नाही. तिथले सर म्हणाले, घरीसुद्धा ती सवय नको.”

“बरं बाई, हा हलवला. ते सर आता वर्षभर शिकवणार?”

“हो, रोज संध्याकाळी, संगणकावर. स्पर्धांनाही तेच नेणार.”

“संध्याकाळी? ती तर आपली खेळायची वेळ.”

“हं.”

“असू दे. देशानं निवडलीय तुला. माझ्याशी खेळून तू काय शिकणार? पहिलीत होतीस तेव्हापासून हरवतेस मला.”

“ताता, तुमची चाल.”

आजोबांनी वजीर उचलला. ठेवायला निघाले तिथे तो मरणार हे ध्यानात येताच त्यांचा हात हवेतच थांबला.

लावण्याने हाताकडे पाहिलं. मग ती खिडकीबाहेर मैलापूरच्या देवळाचं गोपूर शोधू लागली, आणि वजीर जुन्या घरात टक्कन बसल्याचा आवाज येईपर्यंत वळलीच नाही.