दहा हजार जणींना उगी उगी

...आणि वर मलाच म्हणतात, ‘तू शांत राहा!’ अहो, मी शांतच आहे! म्हणजे आतून नसेन, पण बाहेरून बघा ना जरा... डोक्यावर जाळीची टोपी, हातात धुराचा भाता, सलवारीची टोकं मोज्यांत खुपसलेली आणि कानाशी दहा हजार मधमाश्या! या अवतारात माणूस याहून शांत दिसणार तरी कसा? पण नाही. सगळ्यांचं एकच पालुपद. शांत राहा, त्यांना कळतं!

तुम्हाला सांगते, हे ‘त्यांना कळतं’ मी वेदिका झाल्यापासून ऐकतेय. ती रडली की मी घाबरायची, मी घाबरले की ती आणखी रडायची, आणि दवाखान्यातल्या नर्सपासून कोथिंबीरवालीपर्यंत सगळ्या मान हलवायच्या... आई घाबरलीय हं, बाळाला कळतं! बरं, बाळ एकच आहे. एकीला कळलं तर समजू शकते मी. आता दहा हजार जणींना कळायला लागलं तर मी जायचं कुठं?

मुळात पेटी माझी नाहीच. माझ्या सासूबाईंची, विमलाअक्कांची. बंगळूरला, मल्लेश्वरमच्या आमच्या घराच्या गच्चीवर, शेवग्याच्या सावलीत. अक्का कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका भजनाला जातात, या माश्या पाळायला लागल्या! टोपी नाही, हातमोजे नाहीत, ‘बा, बा’, म्हणजे ‘ये, ये’ करत पेटी अशी उघडायच्या, जसा काही पोळ्यांचा डबा! पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. आणि पेटी आठवड्याला उघडून बघावीच लागते हो... राणी अंडी घालतेय ना, मेणकिडा लागला नाही ना, नाहीतर एक दिवस अख्खं बिऱ्हाड न सांगता निघून जातं. आता माझा नवरा, सुमंत. त्याला एक माशी चावली की तोंडाचा फणस होतो. शिवाय ऑफिस बेळ्ळंदूरला, म्हणजे तो एकतर ऑफिसात असतो नाहीतर ऑफिसच्या वाटेवर अडकलेला असतो, घरी असा तो फक्त फोनवर. मग उरलं कोण?

अक्का म्हणाल्या, “नसेल जमत तर सोड ग ऋचा. चामराजपेटची भार्गवीही माश्या पाळते, रविवारी येईल, घेऊन जाईल पेटी. माझं काय अडलंय!”

काय अडलंय? खोटं, साफ खोटं! तुम्हाला सांगते, आम्ही वेदिकासाठी बेबी मॉनिटर आणला होता. अक्कांनी त्यातला एक तुकडा वर पेटीशी ठेवायला लावला आणि दुसरा स्वतःच्या उशाशी. दुपारभर डोळे मिटून ती गुणगुण ऐकत पडायचं. “ऐक, आज खूश आहेत.” म्हणजे आमच्या घरी मॉनिटर बाळाला नाही, माश्यांना आहे! आता त्या उशाशी निव्वळ माझ्या भित्रेपणापायी शुकशुकाट करायचा? मला नाही बघवणार हो ते.

म्हणून गेले. हल्ली त्या मॉनिटरमधून खालूनही बोलता येतं, बाळाला अंगाई ऐकवायची सोय. तर अंगाईच्या जागी अक्का. “आलीस? धूर दे आधी. दाराशी स्वल्प, वरून स्वल्प. स्वल्प म्हटलं मी, होम नाही पेटवायचा!” दिला. धूर लागला की माश्यांना वाटतं आग लागली, मग त्या घाईघाईनं पोटभर मध पितात आणि सुस्तावतात, श्रीखंडपुरीनंतर सुमंत होतो तशा. “आता झाकण उचल. धक्का नको. त्यांच्यावर श्वास सोडू नको. सुम्ने उभी राहा!” सुम्ने म्हणजे गुपचूप. राहिले हो गुपचूप! आणि त्या? भुर्रर्रकन उठल्या आणि थेट माझ्या डाव्या खांद्यावर! उजवा खांदा मोकळा, पाठ मोकळी, डाव्या खांद्याशीच काय वैर होतं देव जाणे!

“पळू नको!” मॉनिटर ओरडला.

मी पळाले. त्यांना कळलं.

झालं, सल्ले सुरू. मिरजेहून आई: “तू पहिल्यापासूनच घाबरट. बालवाडीत ससा झालीस आणि टाळ्या वाजल्यावर टेबलाखाली जाऊन बसलीस.” रिंग रोडवरून सुमंत: “अगं, दीर्घ श्वास घे!” आणि अक्का सांगतायत श्वास सोडू नको. म्हणजे घ्यायचा, पण सोडायचा नाही!

दुसऱ्या खेपेला मी सगळं केलं. अत्तर-पावडर बंद. काळे कपडे आवडत नाहीत म्हणे, म्हणून सुमंतचा पांढरा सदरा. ढगाळ असलं की चिडतात, म्हणून चांगलं ऊन पडू दिलं. पेटीच्या दारासमोर नाही, बाजूला उभी राहिले. वर अंगाईसुद्धा म्हटली, लाज सोडून! परत डावा खांदा. शनिवारी तिसरी खेप... तर सदऱ्यावरून दोन डंख. रडतच खाली आले. म्हटलं, अक्का, उद्या न्या म्हणावं पेटी. मला एक पोर शांत करता येत नाही, या कुठून होणार? माझ्यातच काहीतरी खोट आहे, आणि त्यांना कळतं!

अक्कांनी जवळ बसवलं, नखानं काटे खरवडून काढले. मग थांबल्या. हुंगलं. “अजून वास येतोय.”

“कसला?”

“डंखाचा. माशी चावली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. बाकीच्यांना इशारा, या, इथंच मारा! एखादा काटा राहिलाय ग कुठंतरी.” चष्मा लावला, माझ्या खांद्याला नाक लावलं, इंच इंच शोधलं. शेवटी सदऱ्याच्या शिवणीतून काहीतरी नखावर काढलं. त्यांनी बघितलं. मी बघितलं. वेदिकानं बघितलं, आणि खाऊ दिसल्यासारखा आ केला.

केळं!

आमच्या बंगळूरची ती बोटाएवढी येलक्की केळी! वेदिका रोज सकाळी एक खाते, म्हणजे अर्धं खाते आणि अर्धं माझ्या डाव्या खांद्याला पुसते. आणि बाईसाहेब मी, बाळाला भरवून, तसाच खांदा घेऊन, दर खेपेला वर! ‘या, इथंच मारा’ अशी पाटी लावून!

“अक्का, तुम्हाला माहीत होतं?”

“केळ्याचं माहीत होतं की! तुझ्या खांद्याचं मला काय माहीत?” ‘उगाच तुझ्या भीतीवर ढकललं मी,’ असं काही म्हणाल्या नाहीत हं, सासूबाई आहेत त्या. म्हणाल्या, “उद्या न्हाऊन जा. मी भार्गवीला कॉफीवर थांबवून धरते.”

रविवारी भार्गवीमावशी हजर. पेटी बांधायला सुतळीचं बंडल घेऊन! मी डोक्यावरून न्हाले, दोरीवरचे कोरडे कपडे घातले, वेदिकाला मावशींच्या मांडीवर दिलं, वर गेले. शांत होते का? छे हो! झाकणाला हात लावायच्या आधी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले! झाकण उचललं... आणि काही नाही. एक माशी आली, हातमोज्यावर बसली, पाय पुसले, गेली. एकेक चौकट उचलून बघितली. राणी दिसली, लांबसडक, तोऱ्यात. अंडी दिसली. मॉनिटरमधून अक्कांचा आवाज आला, जरा ओलसर. “खूश आहेत ग.”

आणि मला, खरं सांगू, थोडा रागच आला. मी इथं भीतीनं अर्धी झालेय आणि कुणाला पत्ता नाही? इतके दिवस कळत होतं ना!

पण पेटी राहिली! मावशी सुतळी गुंडाळत म्हणाल्या, “सरी बिडू, राहू दे मग.” मी अशी पाटलिणीच्या तोऱ्यात जिना उतरले, हात पसरले, ये ग माझ्या बाळा... वेदिकानं मला हुंगलं. धूर. शिकेकाई. केळं नाही. आणि असं भोकाड पसरलं, असं पसरलं, की ही बाई कोण, मला कुठं नेतेय!

“आई घाबरलीय,” भार्गवीमावशी म्हणाल्या. “बाळाला कळतं.”

अहो, आयुष्यात पहिल्यांदा मी शांत होते!

शेवटी अक्कांनी पलंगावरूनच टोपलीतलं केळं सोललं, मला खुणेनं जवळ बोलावलं आणि माझ्या धुतलेल्या डाव्या खांद्यावर चांगलं कुस्करून फासलं. वेदिकानं तिथं नाक लावलं, एक हुंदका दिला आणि झोपली.

तेव्हापासून हेच. वर जाताना केळं धुवायचं, खाली आल्यावर केळं लावायचं. आणि ते शांत-बिंत राहायचं म्हणाल, तर खुशाल घाबरा हो... कुणालाही काहीही कळत नाही!