दोन टक्क्यांची शाबासकी

दवाखान्यात नोंदणीची रांग अडवून तिथले दोन कॉम्प्युटरवाले काउंटरपाशी बोलत उभे होते. मागे पहिल्याच नंबरावर मास्तरीणबाई.

"नेटवर्कमध्ये कोणी घुसलं की ओरडणारं आपलं यंत्र. त्याचा प्रोसेसर किती चालतो, रोज बघतोस ना?"

"रोज वहीत लिहितो, सर. महिनाभर दोन टक्के."

"एवढा आराम कसा, असं नाही वाटलं?"

"तुम्हीच शाबासकी दिलीत. म्हणालात, मशीन असावं तर असं शांत."

"शांत नाही तर काय! नेटवर्कची केबलच नाहीये त्याला. कोणी पळवली?"

"तुम्हीच, सर. मॅचच्या दिवशी टीव्हीला लावलीत."

"...बरं. आज किती लिहिलंस?"

"दोन."

"तीन कर. काम केल्यासारखं दिसेल."

बाईंनी आजारासकट सगळं खरं लिहिलेला फॉर्म काउंटरवरून हळूच मागे ओढला.