सिलोनची खात्रीची माहिती

परदेशाची माहिती कुठून काढायची म्हणता? मी कुठून काढली ते ऐका.

साठनंतरची गोष्ट. मी पलूसकडं शाळामास्तर होतो. घरचे सगळे बौद्ध झालेले, तेव्हा एकदा सिलोनला जाऊन बौद्धांचा देश बघायचाच, असं मनानं घेतलं होतं. पण विचारणार कुणाला? गावाला सिलोन म्हणजे फक्त रेडिओवरची गाणी. शेवटी पाटलांच्या आळीतले म्हातारे सुभेदार आठवले. महायुद्धात ते सिलोनला होते. त्यांच्या अंगणात जाऊन बसलो.

"सुभेदार, ऐकीव नको. बघितलंय तेवढंच सांगा."

म्हणाले, भात तांबडा असतो, कालवणात नारळ असतो, पाऊस कवाबी येतो, छत्री ने.

मग मी खरं विचारायचं ते विचारलं. "तिथं पाणी मागितलं तर जात इचारत्यात का?"

"न्हाई रं मास्तर. कोण इचारतंय! आमच्या संगं तुमच्यातला एक गडी हुता. त्याच्या बाटलीतनं मी दोन वर्सं पाणी प्यालो."

तेवढ्यात चहा आला. त्यांना कपबशीत, मला वळचणीला खोचून ठेवलेल्या कानतुटक्या कपात.

मी कप हातात धरून विचारलं, "आवं, मग परत आल्यावर काय झालं?"

सुभेदारांनी बशी खाली ठेवली. माझ्या हातातल्या कपाकडं बघितलं.

"बोटीत ठीक हुतं," ते म्हणाले. "आगगाडीतबी ठीक हुतं. मग गाव आलं."