लांब राहणाऱ्याला काय सांगायचं

परवा दुपारी आईने फोनवर विचारलं, "कशी आहेस?" मी नेहमीसारखं "मजेत" म्हटलं. काल ती गेल्याचा फोन आला. आज तिच्याकडे निघाले, तर विमानात फर्स्ट क्लासचीच एक जागा उरली होती. पलीकडे मुलाकडून परत निघालेलं म्हातारं जोडपं होतं. रात्री आसनं उलगडून केलेल्या त्यांच्या दोन पलंगांमध्ये सरकती भिंत होती.

"अहो, झोपलात का?"

"तू झोपू दिलंस तर."

"ही भिंत खाली करा ना."

"माझ्या घोरण्यापायी जन्मभर भिंतच मागत होतीस की!"

"घोरणं ऐकू आलं नाही की जीव घाबरतो."

"घे, केली. मीट डोळे."

"प्रवास कसा झाला, असं त्याने विचारलं तर?"

"सांग, अकरा तास टक्क जागी होते."

"नको बाई. एवढ्या हौसेने पाठवलंय त्याने. छान झोप लागली म्हणेन."

"गुडघे सुजले तरी त्याला बरंय म्हणत होतीस."

"लांब राहणाऱ्याला काय सांगायचं?"

"तोही तुला असंच सांगत असेल."

"सांगतोच. आवाजावरून कळतं मला. पण एकदा त्याने आपणहून सांगावं, असं वाटतं हो."

खिडकीकडे वळून मी मोठ्याने म्हटलं, "आई, मी मजेत नव्हते गं."