नंबरवाल्या झाडांचा मांडव

“लावा की बाई झाडं. पन मोठी झाल्यावर ती कोनाची, ते आदी सांगा.”

अध्यक्षांना वंदन करण्याआधी मी हे वाक्य म्हटलं, म्हणून अध्यक्षांनी रागावू नये. बारा वर्षांपूर्वी याच शाळेच्या अंगणात गुणाबाईंनी मला ते विचारलं होतं. ते सोडून आज मला दुसरं काही सुचत नाही.

तर, सभेचे अध्यक्ष आणि आमच्या वनसंशोधन संस्थेचे संचालक माननीय केळुसकर सर, सरपंच माधुरीताई, माझ्या जागेवर येणाऱ्या रविना मॅडम, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आणि सकाळपासून ताटकळलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, सर्वांना मनापासून नमस्कार.

सरांनी माझ्या कामाचं फार कौतुक केलं. काम तसं साधंच होतं. उघड्या माळावर एका बाजूला नुसता साग लावायचा, दुसऱ्या बाजूला जांभूळ, ऐन, हिरडा, मोह अशी इथलीच झाडं मिसळून लावायची. मग माती कुठे टिकते, गवत कुठे उगवतं, ओढा कुठल्या बाजूचा आधी आटतो, हे दरवर्षी बघत राहायचं. ज्या झाडांची मापं घ्यायची त्यांना पत्र्याचे नंबर बांधायचे. कडेच्या ओळींना नंबर नसतो, त्या नुसत्या आडोशाला. पहिल्या वर्षी मी टेप घेऊन झाडाला मिठी मारत होते, तेव्हा धाकलूदादा लांबून ओरडले होते, “बाई, माप कशाला? सदरा शिवताय काय त्याला?” दादा, हसू नका, तुम्हीच म्हणाला होतात.

पण माळ होता कोणाचा? तुमच्या गुरांचा. आमची रोपं जगावीत म्हणून तुम्ही गुरं पलीकडच्या डोंगराला फिरवून न्यायला लागलात. त्या हिवाळ्यात गुणाबाई म्हशाच्या गुरांच्या जत्रेला गेल्या त्या दोन गायी घेऊन, आणि परत आल्या मोकळ्या हातांनी. मी विचारलं, तर म्हणाल्या, “चारायला लांब पडतं गो. पाय दुखतात.” गायींचे की स्वतःचे, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि त्या पहिल्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं होतं? “झाडं तुमचीच, गुणाबाई.” एकदा नाही, दर बैठकीत दिलं. इथे, टोकावड्याच्या मेळाव्यात, मुंबईच्या परिसंवादात. टाळ्या पडायच्या त्या वाक्याला.

आज सकाळी काय झालं, ते व्यासपीठावरच्या सगळ्याच पाहुण्यांना माहीत नसेल. कार्यक्रम दोन तास उशिरा का सुरू झाला, असं काही जणांनी विचारलंही. टेम्पो उशिरा आला, असं त्यांना सांगण्यात आलं. ते अर्धंच खरं आहे.

मी सरांबरोबर जीपमधून उतरले, तेव्हा इथे हा गुलाबी-पिवळा कापडी मांडव नव्हता. हिरवा मांडव होता. या गावात लेक सासरी निघाली की तिच्यासाठी जांभळीच्या टाळ्यांचा, म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्यांचा, मांडव घालतात. तो तुम्ही माझ्यासाठी घातला होता. चारी बाजूंनी ओली पानं, सावली अशी की आत शिरल्यावर अंग गार व्हावं. आणि त्या पानांत मधेमधे काहीतरी चमकत होतं. मी जवळ गेले. ते पत्र्याचे नंबर होते.

नंतर मला कळलं, मांडव घालणाऱ्या आपल्या नामाने मुद्दाम नंबरवाल्याच झाडांचे शेंडे आणले होते. कडेची झाडं वाटेत होती, ती सोडून तो चढण चढून आत गेला. का? तर म्हणाला, “नंबर चांगल्यांनाच देतात ना? बाईंच्या मांडवाला साधी पानं कशी घालनार?” नंबरही त्याने पानांत नीट पुढे दिसतील असे बांधले होते. शोभेला.

मला तेव्हा हे कळलं नव्हतं. पण कळलं असतं तर मी गप्प बसले असते का? मला शंका आहे. पुढच्या महिन्यात शेवटची मापं घ्यायची होती, बारा वर्षांचं काम होतं, हे सगळं खरं. तरी मी ज्या आवाजात ओरडले, तो आवाज मी आयुष्यात प्रथमच ऐकला. “हे कोणी तोडलं? कोणाला विचारून?”

कोणाला विचारून! एका उन्हाळ्यात वणवा माळावर चढला, तेव्हा तुम्ही ओले टहाळे घेऊन रात्रभर आग झोडपलीत. तेव्हा मी कोणाला म्हटलं होतं का, की कोणाला विचारून विझवताय? राखायची वेळ आली की झाडं तुमची. पाणी घालायचं तेव्हा तुमची. बारा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा त्यांना आपलं म्हणून हात लावलात, तोही माझ्याकरता, आणि त्याच क्षणी ती माझी झाली.

नामाच्या हातात कोयता होता आणि चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. गुणाबाई पुढे आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “उतरव रे, नामा. झाडं बाईंची हायेत. आमाला ठावं नव्हतं.”

मांडव उतरला. धसईहून कापड आलं. आणि माझ्यासमोर हे ताट आलं. शाल आहे, नारळ आहे, आणि शेजारी सगळे नंबर, धुऊन पुसून. धाकलूदादांनी हळूच विचारलं, “हे परत झाडांना बांधले तर चालंल का, बाई?”

सर, त्या गडबडीत तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, “म्हणूनच मी काटेरी तारेचं कुंपण म्हणत होतो.” आणि मी मान हलवली. ती मान मी आत्ता सगळ्यांसमोर परत घेते. कुंपण घालू नका. रविना मॅडम, तुम्हाला अपुरी मापं मिळतील. त्याचा दोष गावाला देऊ नका. ‘तुमची’ या शब्दाचा अर्थ आम्ही गावाला कधी सांगितला नाही. कारण तो आम्हालाच नको होता.

बोलणं लांबलं. जेवणं खोळंबली आहेत. या गावाने मला भाकरी दिली, पावसात घरात घेतलं, माळ दिला. आभार मानते, पण ते पुरणार नाहीत. बोलताना कोणाला मान द्यायचा राहिला असेल, चुकीचा शब्द गेला असेल, तर पोटात घाला. सकाळचा शब्द मात्र घालू नका. तो माझ्याजवळच राहू दे.

एक मागणं उरलं. गुणाबाई मांडवात आलेल्या नाहीत. बाहेर हापशीपाशी बसल्या आहेत, “उनात बरं वाटतं” म्हणून. गुणाबाई, कर्ण्यातून ऐकू येतंय ना? मला शाल नको. लेकीला देतात तसा जांभळीचा एकच टाळा तोडून द्या, मी जीपला बांधून नेईन. माळावरच्या झाडाचा द्या, नंबर असलेल्या.

तुम्ही तिथूनच मान हलवताय, मला दिसतंय. तुम्ही ‘नाय’ म्हणणार, हे इथे उभी राहतानाच मला माहीत होतं. तरी मागते. कोयता नामाकडे आहे. सरांना विचारू नका, गुणाबाई. मलाही विचारू नका.