जसोदा की जसुदा

(लोणखेडा. रत्नागिरीला समुद्री किड्यांचा अभ्यास करणारी दामिनी सुटीला घरी आलेली. आई जसोदाबाई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडते आहे, वडील लोटन झोक्यावर.)

जसोदाबाई : म्हंजे आते मी दोन शे?

दामिनी : तू एकच आहेस, माय. तुझं नाव दिलेला किडापण एकच. छापणाऱ्यांनी माझ्या लेखात वर 'जसुदाए' छापलं आणि खाली 'जसोदाए'. शेवटचा 'ए' बाईच्या नावाला लागतोच; बाकी इंग्रजीत एका अक्षराचा फरक.

लोटन : मी तं आख्ख्या लोणखेडाले एकच सांगेल शे.

जसोदाबाई : तुम्हनाच पराक्रम तो. भाजी लेवाले गयी तं बाया इचारतस, तुन्हा किडा कसा शे?

दामिनी : पुढे तर ऐका. परदेशातल्या एका बाईंनी जगभरच्या समुद्री किड्यांची नोंद करताना ही दोन नावं पाहिली आणि किडे दोन वेगळे आहेत असं धरलं. मग एका साहेबाने त्यांच्यातला फरकही शोधून काढला.

लोटन : एकच किडामा फरक?

दामिनी : हो ना. त्याच्याकडे दोन बाटल्या होत्या, दोन्ही आमच्याच खाडीच्या चिखलातल्या. तो लिहितो, जसुदा जाडी, जसोदा सडपातळ.

लोटन : एक लगीनना पहिलेनी, एक लगीनना नंतरनी.

जसोदाबाई : मन्हा हातमा मिरची शे, ध्यान ठेवा.

दामिनी : अजून आहे. तिसऱ्याला म्हणे जाडीच्या पोटात बारकी सापडली. म्हणजे जसुदा जसोदेला खाते. परवा ऑनलाइन बैठकीत त्याने हे मलाच, तुझ्या पोरीला, अगदी गंभीरपणे समजावून सांगितलं. मी कॅमेरा बंद केला आणि टेबलाखाली जाऊन हसले.

जसोदाबाई : मी मालेच खाई गयी? अय माय, थांब... पोट दुखी ऱ्हायनं.

लोटन : डोयाले मिरचीना हात लावू नको.

दामिनी : हसणं पुरे आता. आमचे सर म्हणतात, हा गोंधळ मिटवायचा तर दोन्हीतलं एक नाव निवडून छापायला हवं. एकदा ठरलं की कायमचं. माझ्याआधी कोणी 'जसुदा' निवडलं तर तुझं नाव गेलंच. म्हणून आजच 'जसोदा' पाठवून देते.

जसोदाबाई : का बरं?

दामिनी : का म्हणजे? तुझं नाव आहे ते.

जसोदाबाई : ते तुन्ही आजीनी ठेयेल शे, लगीनमा. माहेरमा मी जसुदाच व्हतू. मन्ही माय गुजरातनी. तठे जास्वंदले जासूद म्हनतस. आंगनमा लायेल व्हतं तिनं, लालभडक. त्यावरथून मन्हं नाव.

दामिनी : तू कधी बोलली नाहीस.

जसोदाबाई : कोनी इचारं?

लोटन : मीबी इसरी गयथू.

दामिनी : किडापण लालच आहे, माय.

जसोदाबाई : मंग जसुदाच लिख.

दामिनी : आणि ती जसोदेला खाते, त्याचं काय?

जसोदाबाई : खाऊ दे. इतला वरीस जसोदानी तिले खादं.

लोटन : हाई बी खरं शे.

जसोदाबाई : एक सांग पोरी. तठे मंग कोनी नाव बदली सकस का?

दामिनी : नही, माय. आते कोनीच नही.